नावाडी काय म्हणाला

फेब्रुवारी लागला की नाशिकरोडच्या हवेत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक दिवसभर हातगाडीवर उन्हात राहिलेल्या द्राक्षांचा, किंचित आंबूस; दुसरा नव्या पुठ्ठ्याचा, ज्यात खळीचा ओलावा अजून असतो. पहिला साऱ्या गावाच्या ओळखीचा आहे. दुसरा माझ्यासारख्या थोड्यांच्याच. ज्या इमारतीत माझा संगणकाचा क्लास होता, तिच्या तळमजल्यावर द्राक्षांच्या पेट्या बनवणाऱ्याचे दुकान होते. ऑक्टोबरात बागांची छाटणी झाली की त्याच्याकडे पुठ्ठ्याचे गठ्ठे येऊन पडत, आणि हंगाम संपेपर्यंत जिना, खिडक्या, आमचे कपडे, कळफलकाच्या फटीसुद्धा त्या वासाने भरून जात. क्लास बंद होऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तरी पेट्यांनी भरलेल्या एखाद्या टेम्पोमागे सिग्नलला थांबण्याची वेळ आली की मला आधी पुठ्ठा आठवतो, मग जिना, आणि मग जिन्याच्या टोकाशी वाकून चपला काढणारा दौलत.

यंदा तो आणखी एका वाटेने आला. माझी मुलगी ईशा शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी घरी आली आहे. परवा संध्याकाळी तिच्या मैत्रिणी अभ्यासाला म्हणून जमल्या आणि थोड्याच वेळात बाहेरच्या खोलीतून असा कल्लोळ उठला, की मी हातातले पुस्तक ठेवून दाराशी गेलो. अजून बाजारात न आलेल्या एका संगणकीय खेळाची चित्रफीत दूरदर्शनसंचाच्या मोठ्या पडद्यावर चालू होती. धुक्यात बुडालेला किल्ला, दरीवरून उडणारे काहीतरी प्रचंड, आणि कड्यावर उभा असलेला एक एकटा स्वार.

"अगं, गवत बघ, एकेक पातं वेगळं हलतंय!"

"हातात आल्यावर बघू. मागच्यानं कसं फसवलं होतं?"

"गप गं, अपशकुनी! बाबा, या ना, बसा."

मी बसलो. ईशाने मग मला आणखी एक नवल दाखवले. आता लोक अशी झलक पाहताना स्वतःचेही चित्रण करतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट असते आणि तिच्यात पाहणाऱ्याचा चेहरा. कोणी तोंडावर हात दाबतो, कोणी खुर्चीतून उठतो, एका दाढीवाल्या गृहस्थाच्या डोळ्यांत तर चक्क पाणी आले. ईशा हसत होती. मला हसू आले नाही. आमच्या वेळी असा कॅमेरा कोणी लावला असता, तर आमच्या एका झलकेतल्या नावाड्याने हात वर केला त्या क्षणाचा दौलतचा चेहरा मला आज पुन्हा पाहता आला असता. आणि त्याच्या शेजारी उभा असलेला माझाही. त्या दुसऱ्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले असते का, हे मात्र सांगता येत नाही.

नव्या शतकाची पहिली काही वर्षे उलटली होती. इंटरनेट होते, पण एवढीशी चित्रफीत उतरवायची म्हटली तरी रात्र सरत असे. आमच्यापर्यंत येणाऱ्या झलका इंग्रजी मासिकाला चिकटवलेल्या सीडीच्या चकतीतून येत. स्टेशनवरचा पुस्तकविक्रेता माझ्यासाठी एक प्रत बाजूला काढून ठेवी. रविवारी सकाळी क्लासला सुट्टी असे, आणि त्या सुट्टीत आम्ही चौघे जमत असू. देवळाली कॅम्पातून जोसेफ येई, तो तिथल्या एका बेकरीत कामाला होता आणि येताना पाव आणायला विसरत नसे. मनीषा माझ्याच क्लासमध्ये टायपिंग शिकवी. तिच्या जिभेला धार होती आणि नजरेला त्याहून अधिक. आणि दौलत. तो कळवणकडच्या एका खेड्यातला, कॉलेजात माझ्या मागच्या वर्गात असलेला, आणि तेव्हापासून स्पर्धा परीक्षा देत नाशिकला खोली घेऊन राहिलेला. मी वयाने मोठा, क्लासचा मालक. पण तो मला 'मास्तर' म्हणे तेव्हा त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी कधी लावला नाही.

झलक पाहण्याची आमची एक रीत ठरून गेली होती. पहिल्यांदा ती अखंड पाहायची, कोणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही. दुसऱ्यांदा प्रत्येकाला एकेकदा 'थांबव' म्हणण्याचा हक्क असे. ज्याने थांबवले, त्याने आपल्याला काय दिसले ते सांगायचे आणि बाकीच्यांनी त्याची चामडी सोलायची. छाटणीनंतरच्या त्या रविवारी आमच्या हाती जी झलक आली, तिच्यातल्या जगाला भिंत नव्हती. दिसतो तो प्रत्येक डोंगर चढता येईल, असे मासिकात छापलेलेच होते.

"थांबव!" मनीषा म्हणाली. "घोड्याची सावली बघा. जमिनीवर आहे, पाण्यात नाही. कसलं खरं जग हे?"

"अरे मॅडम, घोडा देखो ना, साया क्या देखती हो!" जोसेफ कळवळला. "थांबव! ये बेकरी है. धूर बघा, भट्टीचाच धूर आहे हा. मी सांगतो ना!"

"तुला स्वर्गातसुद्धा भट्टीच दिसेल."

आम्ही एवढे हसलो की खालच्या पेटीवाल्याने नेहमीप्रमाणे बांबूने छत ठोकले. दौलतने आपला हक्क राखून ठेवला होता. स्वार डोंगर उतरून नदीकाठी आला, तिथे एक नाव लागलेली होती, आणि नावेतल्या माणसाने हात वर करून काहीतरी म्हटले, तेव्हा तो हळूच बोलला, "थांबव." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, काय म्हणला रे तो?"

इथे मला थोडे माझ्या विद्येविषयी सांगितले पाहिजे. मी मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी मला चांगले वाचता येत असे. ऐकता येत नसे. पाठ्यपुस्तके, यंत्रांच्या सूचना, मासिके यांतले इंग्रजी माझ्याशी सभ्यपणे, सावकाश बोलत असे. तोंडचे इंग्रजी मात्र बंद खिडकीआडून जाणाऱ्या आगगाडीसारखे निघून जाई. डबे होते एवढे कळे, आत कोण बसले होते ते कळत नसे. हे त्या तिघांना ठाऊक नव्हते. झलकांमधला निवेदक काय बोलतो ते दर रविवारी मीच मराठीत सांगत असे, आणि मासिकात वाचलेले थोडे त्यात मिसळून वेळ मारून नेत असे. त्या सकाळी नावाड्याविषयी मासिकात काही नव्हते. 'मला कळले नाही', हे तीन शब्द पुरेसे होते. त्याऐवजी मी, मागे हात बांधून, वर्गात बोलावे तसा बोललो.

"तो म्हणतोय, मागच्या खेपेला आलास तेव्हा तुझा घोडा काळा होता."

तिघेही वळून माझ्याकडे पाहू लागले. त्याने माझा तोल गेला. मी पुढे सांगत सुटलो, की या जगातली माणसे तुम्हांला विसरत नाहीत; ज्याच्याशी तुम्ही एकदा बोललात, तो वर्षाने भेटला तरी ओळख देतो; तुम्ही काय घातले होते, कुठल्या वाटेने आला होता, सारे त्याच्या लक्षात असते. जोसेफने शीळ घातली. मनीषासुद्धा सावलीचे विसरली. दौलत पडद्यावरच्या त्या गोठलेल्या हाताकडे पाहत म्हणाला, "लय भारी हाय हे. घोड्याचा रंग लक्षात ठेवतो म्हणजे काय!"

तो एवढा का हलला, ते मला पुढे कळत गेले. सणावाराला तो गावी जाई तेव्हा एसटीतून उतरल्यापासून घराच्या ओट्यापर्यंत भेटणारा प्रत्येक जण त्याला एकच विचारी, "लागला का रे?" चावडीवरची माणसे, शाळासोबती, भाजी विकायला बसलेल्या बाया, सगळ्यांपाशी त्याच्यासाठी तेवढाच प्रश्न उरला होता. त्याला बासरी वाजवता येते, तो विहिरीत सर्वांत उंचावरून उडी मारी, हे गाव विसरून गेले होते. वयाच्या अटीमुळे येत्या उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी परीक्षा ही त्याची शेवटची होती. नाही साधली, तर त्या प्रश्नाचे उत्तर कायमचे ठरून जाणार होते.

त्या वर्षी थंडी कडक पडली. गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटत, आणि त्यांचा धूर सकाळी शहरावर निळसर पसरलेला असे. कॅम्पकडे तोफांचा सराव चाले. क्लासच्या खिडकीची एक सैल काच प्रत्येक आवाजाला थरथरे, आणि नवे विद्यार्थी दचकत. या सगळ्यांत आम्ही त्या खेळाची वाट पाहत होतो. वाट पाहण्याचे सुख मी पुढे कधी तेवढे भोगले नाही, हे कबूल केले पाहिजे. चकती झिजेपर्यंत आम्ही ती झलक पाहिली. जोसेफने खेळातल्या त्या जगात बेकरी काढायची ठरवली होती. मनीषाने त्या जगाचा नकाशा करायचा घेतला होता. आणि नावाड्यापाशी आले की दौलत मला म्हणे, "मास्तर, एकदा सांग ना पुन्हा," आणि मी पुन्हा सांगे. प्रत्येक वेळी थोडी भर पडे. असत्य हे बहुधा एकाच दमात बोलले जात नाही. प्रेमाने ऐकणारा कोणी भेटला की ते वाढीला लागते.

बागांत पहिली तोडणी सुरू झाली तेव्हा खेळ आला. चांगल्या यंत्रावर मी तो बसवला आणि पहिला मान दौलतला दिला. त्याने काळा घोडा घेतला. तो सरळ नदीवर गेला, नावाड्याशी बोलला, पलीकडे उतरला, पुष्कळ भटकला, पांढरा घोडा घेऊन परतला. नावाड्याने हात वर केला आणि पहिल्या वेळचेच वाक्य म्हटले. त्या वेळी ते पडद्यावर अक्षरांत उमटत होते, म्हणून मला वाचता आले. "बसा. पलीकडे सोडतो." एवढेच होते ते.

"हा तो नसंल," दौलत म्हणाला. "नद्या लय हायेत."

खरोखरच नद्या पुष्कळ होत्या. पूर्वीच्या खेळांत भिंत असे; तिला हात लागला की कळे, पुढे काही नाही. या जगात एखादी गोष्ट नाही असे कोणालाच सिद्ध करता येत नव्हते. प्रत्येक खिंडीपलीकडे दुसरे खोरे होते, त्यात दुसरी नदी, तिच्यावर दुसरा नावाडी. माझे एक फुशारकीचे वाक्य त्या अफाट मुलखात कुठेही असू शकत होते. दौलत सकाळी अभ्यासिकेत जायचा तो आधी क्लासवर येऊ लागला. मग अभ्यासिकेत जायचे राहूनच जाऊ लागले. जोसेफ आणि मनीषा आठवड्याभरात रमले, भांडले आणि नव्या झलकेकडे वळले. दौलत मात्र काळ्या घोड्यावर जाई आणि पांढऱ्यावर येई. मी मागच्या खोलीत मुलांना कोष्टके शिकवत असे, आणि टापांचा आवाज दारातून माझ्यापर्यंत येत राही.

मी गप्पच राहिलो असे नाही. एका दुपारी वीज गेलेली होती. आम्ही दोघे खिडकीपाशी बसलो होतो, मध्ये वर्तमानपत्रावर घडातून गळालेले सुटे मणी, हंगामात ते स्वस्त मिळतात. मी म्हटले, "दौलत, तो नावाडी काय म्हणाला ते मला कळलंच नव्हतं रे. मी मनानं सांगितलं."

त्याने एक मणी तोंडात टाकला, माझ्याकडे पाहिले आणि हसू लागला. "परीक्षा जवळ आली म्हणून हे काढलंस व्हय?"

"खरं सांगतोय. देवाशपथ."

"हे बघ मास्तर. तवा तू चौघांसमोर बोलला. आज एकट्याला कोपऱ्यात गाठून बोलतोस. आमच्याकडं चारचौघांत बोललेलं खरं धरतात, कानात बोललेलं नाय."

"अरे, पण मी स्वतः सांगतोय ना!"

"तुझं मन चांगलं हाय," तो म्हणाला, "पण खोटं बोलता येत नाय तुला."

जोसेफ आणि मनीषाला बोलावून त्यांच्यासमोर, चारचौघांत, हेच सांगण्याचा मार्ग मोकळा होता. तो मला दिसत नव्हता असेही नाही. पण त्यासाठी मला त्या दोघांपुढे बंद खिडकीआडची आगगाडी कबूल करावी लागली असती. क्लासच्या पाटीवर तर मी 'इंग्रजी संभाषण' असेही लिहवून घेतले होते. म्हणून मी दुसरा उपाय केला, ज्यात माझी अब्रू शाबूत राहत होती. यंत्र पूर्ण पुसून काढले. दौलत आला तेव्हा त्याला सांगितले, "मशीन फॉर्मॅट केलं. आता परीक्षेनंतर." "बरं," तो म्हणाला, चपला पायात सरकवल्या आणि उतरून गेला. परीक्षेला तो बसला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. हंगाम सरता सरता त्याने खोली सोडली आणि तो कळवणला निघून गेला.

त्यानंतर लग्नकार्यांत आम्ही भेटत आलो. तो तब्येतीने भरला आहे, भाजीपाल्याच्या रोपांची त्याची रोपवाटिका नावाजलेली आहे. पण पंगतीत आम्ही शेजारी बसलो की माझ्या मनात ते एक वाक्य उठून उभे राही. एका माणसाची शेवटची संधी मी एका काळ्या घोड्यापायी घालवली, ही टोचणी मी वर्षानुवर्षे बाळगली. आणि यंत्र पुसले, तेवढे एक काम तरी योग्य केले, असे स्वतःला समजावत आलो. ईशाच्या पडद्यावरचा तो दाढीवाला रडताना पाहिला आणि मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळवणची एसटी धरली.

दौलत रोपांच्या जाळीखाली पाणी देत होता. हिरव्या उजेडात आम्ही पालथ्या घातलेल्या क्रेटांवर बसलो. त्याच्या पत्नीने, शोभावहिनींनी, चहा आणला आणि "भाऊजी, जेवूनच जायचं बरं," असे बजावून त्या आत गेल्या. मी वाक्ये जुळवून आणली होती. ती म्हटली. तुझे ते महिने माझ्या खोट्यामुळे गेले, परीक्षा गेली, मला क्षमा कर, असे सारे.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "परीक्षा गेली ती माझ्यामुळं. आठ वर्सं देत होतो, तवा कुठं नोकरी लागली होती? अन् ते महिने माझे हायेत. त्यात तू कुठून आलास?"

"पण तू शोधत राहिलास. जे नव्हतं ते."

"पयले शोधलं. मग कळलं, कोणी वळखणार नाय. हे बोलणार नायत, तर आपणच वळख ठेवू, म्हटलं. मग एकेका नावाड्याला मी नाव ठेवलं. कुणाची नाव कुठं गळती, कुणाच्या काठाला लव्हाळं, कोण उन्हात बसतो, सगळं माझ्या ध्यानात. रोज एक फेरी मारायचो. राम राम करायचो. एका वळणावर घर घेतलं होतं, तिथून तिघं दिसायचे." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तू ते सगळं एका सकाळी पुसलं मास्तर. मला इचारलं असतं तर मीच म्हणलो असतो, पूस. अभ्यासाचं मलाबी कळत होतं. पण एक फेरी मारून आलो असतो. सांगून आलो असतो त्यांना."

जाळीवरून पाणी ठिबकत होते. मी इतकी वर्षे जपून आणलेली क्षमायाचना दुसऱ्याच गोष्टीची होती. यंत्र पुसणे तर मी पुण्यकर्मांच्या रकान्यात मांडून ठेवले होते. काहीतरी म्हणायला हवे म्हणून, आणि खरोखरच जाणून घ्यावेसे वाटले म्हणूनही, मी विचारले, "काय नावं ठेवली होतीस त्यांना?"

दौलतचा चेहरा एकदम उजळला. "एक होता बुधा," तो म्हणाला, आणि अंगठा बोटावर टेकवला. "वरच्या अंगाला, धबधब्यापाशी. एक सावळ्या. अन् त्यो लव्हाळ्यातला..."

अंगठा तिसऱ्या बोटावर येऊन थांबला. तो आठवत राहिला. शोभावहिनी आतून ताटे वाढल्याचे सांगत होत्या, आणि तो हात तसाच धरून, समोरच्या रोपांकडे पाहत, अजून आठवतच होता.